एकटीच्या घराचा इतिहास

शेतातून नुकत्याच आलेल्या, चुलीपुढं बसलेल्या, शिवणयंत्रावर पाय चालू असलेल्या, आणि घरात दुसरं कुणी बोलायला नाही म्हणून रेडिओ लावून बसलेल्या, तुम्हा सगळ्यांना नमस्कार. आजचं बोलणं सगळ्यांसाठीच आहे, पण त्या शेवटच्या बायांसाठी जरा जास्त.

मी बचत गटांचं काम बघते. कर्जाचा अर्ज भरताना ‘कुटुंबातील व्यक्ती’ असा एक रकाना येतो. बाकीच्या बाया नावं भराभर सांगतात. पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई मात्र तिथं आवाज खाली घेते. “लिही गं, मी एकटीच.” जणू काही गुन्हा कबूल करतेय. अशी बाई हप्ता कधी चुकवत नाही. गटाची वही तिच्याकडं ठेवली तर पानाला डाग पडत नाही. गावात कुणाचं बाळंतपण असो, कुणाची मयत असो, पहिली तीच धावते. तरी तिच्याबद्दल बोलणं निघालं की लोक एकच वाक्य म्हणतात, “हिचं पुढं कसं व्हायचं?”

मला बी.ए.ला इतिहास होता. त्या इतिहासात राजे होते, लढाया होत्या, तह होते. पन्नाशीनंतर एकट्या राहिलेल्या बाईचं कसं झालं, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच तो घेऊ. आपल्या महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत एकटी बाई कशी जगली? जी नीट जगली, ती कशाच्या जोरावर जगली?

आधी शब्दांकडं बघू. एकट्या बाईसाठी आपल्याकडं शब्द भरपूर आहेत. विधवा, परित्यक्ता, टाकलेली, सोडलेली, घोडनवरी, निराधार. यातला प्रत्येक शब्द तिच्याजवळ काय नाही ते सांगतो. तिच्याजवळ काय आहे, हे सांगणारा एकही नाही. सरकारची मदत घ्यायची तरी आधी ‘निराधार’ म्हणून लिहून द्यावं लागतं. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून चालू आहे. अनेकींच्या चुलीला तिचा आधार झाला, हे खरंच. पण नाव बघा. आधार घ्यायचा तर आधी आपल्याला आधार नाही हे कबूल करायचं.

हे शब्द आभाळातून पडलेले नाहीत. त्यांच्यामागं त्या वेळचा कायदा आणि रिवाज होता. इंग्रजांच्या काळात हिंदू एकत्र कुटुंबात नवरा वारला तर त्याचा वाटा भावांकडं आणि मुलांकडं जायचा. बाईच्या वाट्याला पोटगी यायची, म्हणजे दोन वेळचं जेवण, अंगावर लुगडं आणि राहायला जागा. कुठं चोळी-बांगडीसाठी म्हणून जमिनीचा तुकडा लावून द्यायचे, पण तो विकायचा हक्क नसायचा. ब्राह्मणांत आणि त्यांचं बघून इतर काही जातींत केशवपन होतं, एकवेळचं जेवण होतं. बाकी जातींत पाट लावायची, मोहतूर लावायची सोय होती. पण पाट लावला की पहिल्या नवऱ्याच्या घरावरचा हक्क संपायचा. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला, त्यातही हेच लिहिलं होतं. दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडायचं.

आणि पन्नाशीला आलेली बाई कुठला पाट लावणार? तिला दोनच दारं होती. सासरी जावेच्या हाताखाली राबायचं, नाहीतर माहेरी भावजयीच्या. काम सगळं करायचं, पण घर आपलं म्हणायचं नाही. तेव्हा एकटी बाई दुबळी होती म्हणून तिचं घर नव्हतं असं नाही. तिचं घर नव्हतं, म्हणून ती दुबळी पडायची.

आता अशा काळात ज्या तिघीजणी पन्नाशीच्या आसपास आणि पुढं आपल्या पायावर उभ्या राहिल्या, त्यांच्याकडं बघू. तिघींचं एकटेपण वेगवेगळं होतं. पहिली विधवा झाली तेव्हा साठीला टेकली होती. दुसरीनं नवऱ्याकडं जायलाच नकार दिला. तिसरी विशीतच विधवा झाली.

पहिल्या सावित्रीबाई फुले. त्यांची शाळा, अंगावर आलेलं शेण, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण बहुतेक भाषणांत सावित्रीबाई तिशीच्या पुढं जातच नाहीत. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१चा. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. हिशेब करा. सावित्रीबाई तेव्हा ५९ वर्षांच्या होत्या. पोटचं मूल नव्हतं. दत्तक घेतलेला यशवंत होता.

अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंद आडवे आले. टिटवं धरायचा मान कुणाचा यावरून वाद झाला. टिटवं कोण धरतो हा तेव्हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. जो धरेल तो वारस, असा त्याचा अर्थ होता. दत्तक मुलाला वारस मानायला भाऊबंद तयार नव्हते. सावित्रीबाई पुढं झाल्या आणि टिटवं त्यांनी स्वतः हातात घेतलं. त्या काळात बाई स्मशानातसुद्धा जात नसे.

यातली एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. जोतीरावांनी १८८७ सालीच आपलं मृत्युपत्र करून ठेवलं होतं, आणि त्याची रीतसर नोंदणीही केली होती. आपल्या मागं काय होऊ शकतं, हे त्यांना दिसत होतं. जन्मभर बाईच्या हक्कासाठी बोलणाऱ्या माणसानं नुसत्या बोलण्यावर भरवसा ठेवला नाही, कागद केला. हा कागद लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडं परत येणार आहोत.

पुढची सहा-सात वर्षं सावित्रीबाईंनी काय केलं? सत्यशोधक समाजाचं काम पुढं नेलं. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्षा त्या होत्या. वय ६२. त्यानंतर दुष्काळ आला, त्यातही त्या लोकांसाठी उभ्या राहिल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंत डॉक्टर झाला होता. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्याचा दवाखाना चालू झाला आणि सावित्रीबाई रोग्यांची सेवा करू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणलं. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय ६६.

पैसा त्यांच्याकडं फारसा नव्हता. पण घर होतं, काम होतं, आणि जन्मभर सोबत काम केलेली माणसं होती. त्यांचं पुढं कसं व्हायचं, असा प्रश्न कुणाला पडल्याचं दिसत नाही. लोकच त्यांच्या दारात यायचे.

दुसऱ्या डॉक्टर रखमाबाई. जन्म १८६४, मुंबईत. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं, पण त्या नवऱ्याकडं नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्यानं १८८४ साली कोर्टात दावा लावला की बायकोला माझ्या ताब्यात द्या. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला. मग अपील झालं. मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन. सगळ्या हिंदुस्थानात, अगदी विलायतेतसुद्धा हा खटला गाजला. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. नवऱ्यानं दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला.

इथं एक प्रश्न विचारायला हवा. वीस-बावीस वर्षांची मुलगी एवढं बळ कुठून आणते? स्वभाव होताच. पण आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या आई जयंतीबाई तरुणपणी विधवा झाल्या होत्या. पुढं त्यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. मघाशी सांगितलं, दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. म्हणून जयंतीबाईंनी लग्नाआधीच ती मिळकत लेकीच्या, म्हणजे रखमाबाईंच्या नावावर केली. रखमाबाईंच्या हिमतीला खाली जमीन होती, ती आईनं करून ठेवलेल्या कागदाची.

पुढं रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९४-९५ साली परत आल्या आणि सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. तिथं प्लेगच्या साथीतही काम केलं. पन्नाशी उलटल्यावर राजकोटला बायकांच्या दवाखान्याची जबाबदारी घेतली आणि पासष्टीपर्यंत ती सांभाळली. निवृत्त होऊन मुंबईला आल्या, पडद्याच्या रिवाजाविरुद्ध पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या ९०व्या वर्षी त्या गेल्या. नवरा नाही, मूल नाही. पण किती बाळं त्यांच्या हातांवर जगात आली असतील! एकटीनं जगायचं म्हणजे रडत दिवस काढायचे, असं ज्यांना वाटतं त्यांना हे आयुष्य सांगावं.

तिसऱ्या पार्वतीबाई आठवले. या कोकणातल्या, देवरुखच्या. जन्म १८७०चा. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. केशवपन झालं, आलवण आलं. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे या त्यांच्या सख्ख्या बहीण. त्या नात्यानं पार्वतीबाई पुण्याजवळ हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि तिथंच काम करू लागल्या. आश्रमासाठी निधी गोळा करायला त्या गावोगाव फिरायच्या, सभेत उभं राहून बोलायच्या. १९१२ साली, वयाच्या बेचाळीसाव्या वर्षी, त्यांनी केशवपन करणं थांबवलं आणि डोक्यावर केस वाढू दिले. आज हे वाचताना छोटंसं वाटतं. तेव्हाच्या पुण्यात ते छोटं नव्हतं.

१९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. वय ४८. इंग्रजी जेमतेम, हातात पैसा नाही, ओळखीचं कुणी नाही. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी निधी जमवायचा, एवढं ठरवलेलं होतं. तिथं लोकांच्या घरी घरकाम केलं. भांडी घासत, झाडलोट करत त्यांनी भाषा शिकून घेतली. १९२० साली निधी घेऊन परत आल्या, तेव्हा पन्नास पूर्ण होत होती. १९२८ साली त्यांनी ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्याही १९५५ सालीच गेल्या, ८५ वर्षांच्या होऊन.

आपल्या गटातल्या मावश्या म्हणतात, “आता या वयात काय शिकायचं?” सही शिकायची असेल, मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकायचं असेल, तर पार्वतीबाईंचं नाव काढा. पन्नाशीच्या उंबऱ्यावर त्या परक्या देशात परकी भाषा शिकत होत्या.

आता तुम्ही म्हणाल, या मोठ्या बाया, पुस्तकातल्या. आमच्यासारख्यांचं काय? बरोबर आहे. म्हणून पुस्तकातून बाहेर येऊन मुंबईच्या गिरणगावात जाऊ. परळ, लालबाग, डिलाईल रोड. आपल्या भागातून, कोकणातून हजारो पुरुष गिरणीत कामाला गेले. कुटुंब गावाकडं आणि गडी मुंबईत. यांना जेवू कोण घालायचं? खोलीत खानावळ चालवणाऱ्या बायांनी घातलं. कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी, कुणाचा बेकार, कुणाला सोडलेलं. पहाटे उठून तीस-तीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. किराणा उधारीवर आणायचा, व्याज भरायचं, आणि गडी पगाराला पैसे देईल याची वाट बघायची.

या बायांना बँक दारात उभी करत नव्हती. तारण काय? चूल आणि तवा! १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. एकमेकींना जामीन राहून बायांनी बँकेचं कर्ज घेतलं आणि सावकाराचं व्याज तोडलं. त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, स्थापन झालं. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचा कार्यक्रम सुरू केला. आज आपण गटात बसून “हिला मी जामीन” म्हणतो, त्याची एक मुळी गिरणगावातल्या त्या खोल्यांपर्यंत जाते.

१९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. जेवणारे गडी गावाकडं परतले. तेव्हा ज्या बाया एकेकट्या होत्या त्यांची चूल आधी विझली. ज्या मंडळात होत्या त्यांना दुसरा धंदा धरायला, डबे द्यायला, ऑर्डरी घ्यायला सोबत होती. एकटं राहणं आणि एकटं पडणं यातला फरक तिथं दिसतो. घरात एकटी राहणारी बाई बाहेर चार जणींशी बांधलेली असली, तर ती एकटी पडत नाही.

आता कायद्याची गोष्ट. थोडी किचकट आहे, पण ऐका. आपल्या उशाखालची गोष्ट आहे.

१९३७ साली मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख यांनी केंद्रीय कायदेमंडळात हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा आणला. त्याला लोक देशमुखांचा कायदा म्हणायचे. पहिल्यांदाच एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याचा वाटा मिळू लागला. पण जिवंत असेपर्यंतच. खायचं, राहायचं, पण आपल्या मर्जीनं विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. तिच्या मागं ती मिळकत पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडं.

पुढं डॉक्टर आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं. ते अडवून धरलं गेलं, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होतं. मग तेच काम तुकड्या-तुकड्यांनी झालं आणि १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला. त्याचं चौदावं कलम म्हणतं, बाईच्या हातात असलेली मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची. ती विकू शकते, देऊ शकते, मृत्युपत्रानं ठेवू शकते. रखमाबाई आणि पार्वतीबाई दोघी १९५५ साली गेल्या. त्यांच्या मागं एका वर्षात हा कायदा आला. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा दिला, आणि २००५ साली तो सगळ्या देशात झाला.

कायदा झाला म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. भावाला वाईट वाटेल, माहेर तुटेल, या भीतीनं आपण हक्कसोडपत्रावर अंगठा देतो. म्हणून कायद्याबरोबर चळवळी लागल्या. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता बायांची परिषद भरली. नवऱ्यानं टाकलेल्या बाया मांडवात उघडपणे बसल्या आणि आपला प्रश्न घरातला नाही, समाजाचा आहे, असं म्हणाल्या. त्याच सुमारास शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा राजीखुशीनं बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर जण असं करतील, त्या गावाला ते स्वतः भेट द्यायचे. आणि अगदी अलीकडं, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं आमच्या गावात बंद. त्यानंतर सरकारनं बाकीच्या गावांनीही असं करावं म्हणून परिपत्रक काढलं.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही. अजून एक भोक राहिलंय, आणि ते एकट्या बाईच्याच छपराला आहे.

हिंदू वारसा कायद्याचं पंधरावं कलम. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख बायांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे कायदे वेगळे आहेत. एखादी बाई मृत्युपत्र न करता वारली, तर तिनं स्वतः कमावलेली मिळकत कुणाकडं जाते? पहिल्यांदा तिची मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस, म्हणजे दीर, नणंदा, त्यांची मुलं. त्यांच्यानंतर तिचे आईबाप. भाऊ-बहिणी त्याच्याही मागं. माहेराकडून वारसानं आलेली मिळकत, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडं परत जाते. पण स्वतःच्या घामाची कमाई मात्र सासरकडं.

हे नुसतं पुस्तकात नाही. एका बाईचं १९५५ साली लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा वारला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. ती माहेरी आली, शिकली, नोकरीला लागली, आणि चाळीस वर्षं एकटीनं सन्मानानं जगली. १९९६ साली ती गेली. मूल नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. बँकेतल्या आणि भविष्य निर्वाह निधीतल्या पैशांसाठी तिच्या आईनं अर्ज केला. नणंदेच्या मुलांनीही केला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ साली निकाल लागला. पैसे सासरच्या लोकांना. कोर्टाला तिची कणव नव्हती असं नाही, पण कणव आली म्हणून कायद्याचा अर्थ बदलत नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं. एक साधा कागद असता तर हे टळलं असतं.

हा निकाल मी गटाच्या बैठकीत सांगितला, तेव्हा एक मावशी काही बोलल्याच नाहीत. त्यांच्या परवानगीनं सांगते, नाव सांगत नाही. वय छप्पन्न. नवऱ्यानं सत्तावीस वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटला, पण सोडचिठ्ठी झालेली नाही. मावशींनी गटाचं कर्ज काढून पिठाची गिरणी टाकली, वर दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या. शाळेसाठी भावाची मुलगी त्यांच्याजवळ राहते. सकाळी दळण, दुपारी जरा झोप, संध्याकाळी भजनाला. “मला काय कमी आहे?” असं त्या मनापासून म्हणतात, आणि खरंच काही कमी नाही. आपल्या मागं सगळं भाचीला जाणार, असं त्या धरूनच चालल्या होत्या. कायद्यानं पहिला वारस तो नवरा आहे, हे ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सत्तावीस वर्षांत ज्यानं चहाला विचारलं नाही, त्याला माझी गिरणी? सांग बाई, कागद कसा करायचा ते.”

तेच आता तुम्हाला सगळ्यांना सांगते. लिहून घ्या, किंवा शेजारच्या पोरीला लिहायला सांगा.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. त्यात आपलं नाव, वय, गाव, आपली मिळकत कोणती आणि कुणाला किती, हे स्वच्छ लिहायचं. सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर करायचा, आणि त्या दोघांनीही आपल्यासमोर सह्या करायच्या. ज्याला मिळकत द्यायची त्याला साक्षीदार करू नये, हे शहाणपणाचं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात केलेली बरी. जिवंत आहोत तोवर ते कितीदाही बदलता येतं, त्यामुळं “आत्ताच लिहिलं तर लेकरं बघणार नाहीत” अशी भीती बाळगू नका. कुणाला दाखवायचं की नाही, तेही आपल्या हातात.

दुसरं, बँकेत नॉमिनीचं नाव घातलं म्हणजे तो मालक झाला, असं नाही. बँक त्याच्या हाती पैसे देते, पण खरे वारस त्याच्याकडून ते मागू शकतात. म्हणून नॉमिनीही हवा आणि मृत्युपत्रही हवं.

तिसरं, ज्या घरात राहता त्याचा ग्रामपंचायतीतला नमुना आठचा उतारा काढून बघा. घरपट्टी वीस वर्षं तुम्ही भरली असेल, पण नाव कुणाचं आहे? शेत असेल तर सातबारा बघा. नवऱ्याच्या मागं वारसनोंद झाली आहे का बघा. आणि हक्कसोडपत्रावर सही मागायला कुणी आलं, कितीही जवळचं असलं, चहा द्या, पण सही त्याच दिवशी देऊ नका. आधी गटात बोला.

त्या मावशींनी गेल्या महिन्यात मृत्युपत्र केलं. साक्षीला गटातल्याच दोघी होत्या. तालुक्याला जाऊन नोंदणीही झाली. येताना तिघींनी एसटी स्टँडवर भेळ खाल्ली आणि शेवटच्या गाडीनं घरी आल्या.

मैत्रिणींनो, या सगळ्या बायांच्या आयुष्यात काय सारखं होतं? डोक्यावर छप्पर होतं, किंवा ते त्यांनी मिळवलं. हाताला काम होतं, ज्याची चार माणसांना गरज होती. शिकायची लाज नव्हती. सोबतिणी होत्या. या चार गोष्टी आपल्या गावातल्या कितीतरी मावश्यांजवळ आज आहेत. पाचवी गोष्ट कागदाची. जोतीरावांनी तो सावित्रीबाईंसाठी केला, जयंतीबाईंनी रखमाबाईंसाठी केला. आपल्यासाठी करायला कुणी नसेल, तर आपण स्वतः करायचा. कायद्यानं तो हक्क १९५६ सालापासून आपल्याला आहे.

पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीला येताना उतारे घेऊन या. चष्मा घरी विसरू नका. आणि अर्ज भरताना त्या रकान्यापाशी आलात, की जरा मोठ्यानं सांगा, “लिही गं, मी एकटी.” ‘च’ लावायची गरज नाही.

नमस्कार.